पुलावरची गणपूर्ती

“ज्या गावाला आपल्या पुलाचं वय ठाऊक नाही, त्या गावाला स्वतःचं वय ठाऊक नाही, आणि ज्याला स्वतःचं वय ठाऊक नाही, त्याला भविष्यकाळ नाही,” नगराध्यक्ष बापूसाहेब मोहोळकर जुन्या पुलाच्या मधोमध उभे राहून म्हणाले.

खुद्द बापूसाहेबांना तीन जन्मतारखा होत्या. एक शाळेच्या दाखल्यातली, एक मतदारयादीतली आणि एक पत्रिकेतली. त्या ते गरजेप्रमाणे आलटून-पालटून वापरत. त्यामुळे वयाच्या प्रश्नावर त्यांच्याइतका अनुभवी माणूस मांडवखळमध्ये दुसरा नव्हता.

भाषण ऐकायला आम्ही मोजकेच होतो. दोन शिपाई, नव्या पुलाचे ठेकेदार, साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून मी आणि बापूसाहेब वाटेत उभे राहिल्यामुळे पुढे जाता न आलेली एक म्हैस. भाषण संपलं तेव्हा टाळ्या एकट्या ठेकेदाराने वाजवल्या. बापूसाहेब माझ्याकडे वळले.

“वैराळे, ती तुमची उपसमिती काय म्हणते?”

“विचार चालू आहे, साहेब.”

“कधीपासून?”

“मी नोकरीला लागायच्या आधीपासून.”

“हे बघा. पुढच्या महिन्यात नव्या पुलाचं उद्घाटन. मंत्री येतायत. त्यांच्याच हातून या जुन्यावर पाटी बसवून घ्यायची. दगड कोरून तयार आहे, फक्त साल घालायचं राहिलंय. पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावलाय मी. तो साल सांगेल आणि त्याच दिवशी तुमची उपसमिती बरखास्त. कळलं?”

कळलं म्हणून मी मान हलवली. म्हैस पुढे सरकली आणि समारंभ संपला.

तो दगड मला रोज दिसत असे. नगरपालिकेच्या अंगणात निंबाखाली आडवा ठेवला होता. ‘हा ऐतिहासिक पूल इ. स.’ असं कोरलेलं, मग वीतभर कोरी जागा, मग ‘या वर्षी बांधण्यात आला’. शिपायांनी त्या कोऱ्या जागेवर पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला होता. माठ तिथे इतका चपखल बसे की दगड मुळात त्यासाठीच घडवलाय, असं एखाद्याला वाटावं.

ही जुनी गोष्ट आहे. मी तेव्हा अकोल्याकडून नोकरीसाठी मांडवखळला आलेला, बिनलग्नाचा, नगरपालिकेतला कनिष्ठ लिपिक. गावात ओळखीचं कोणी नाही. पिठाच्या गिरणीवरची एक खोली मला मिळाली होती. दिवसभर खालून घरघर ऐकू येई. संध्याकाळी गिरणी बंद झाली की इतकं सामसूम होई की, दिवसभरात आपण कोणाशी काही बोललो नाही हे स्पष्ट ऐकू येई. रविवारी वेळ जावा म्हणून मी दोनदा दाढी करत असे. खानावळवाला मला नावाने नाही, ‘कोपऱ्यातलं ताट’ म्हणून ओळखायचा.

अशा माझ्याकडे साहेबांनी ‘पूल कालनिश्चिती उपसमिती’चं चिटणीसपद दिलं, कारण दुसरं कोणी ते घ्यायला तयार नव्हतं. मला मात्र त्या एका कामाने आठवड्यातला एक दिवस मिळवून दिला. गुरुवार.

उपसमितीची सभा दर गुरुवारी संध्याकाळी पुलावरच भरे. विषय पुलाचा, तेव्हा सभा पुलावर, असा ठराव कधीतरी झाला होता. मूळचे सभासद तीन. त्यांतले भुसारी वकील मी येण्यापूर्वीच वारले होते. त्यांच्या मते हा पूल पांडवांनी एका रात्रीत बांधला होता. ते गेल्यावर पांडवांची बाजू मांडायला गावात कोणी उरलं नाही आणि ती जागा रिकामीच राहिली.

उरले दोघं. डॉक्टर सरपोतदार हे गुरांचे निवृत्त डॉक्टर. लग्न केलेलं नव्हतं. पंचक्रोशीतल्या निम्म्या म्हशींना त्यांनी पहिला श्वास घ्यायला लावला होता आणि माणसांशीही ते त्याच मोठ्या, धीर देणाऱ्या आवाजात बोलत. त्यांचं म्हणणं, पूल आदिलशाहीतला. दुसऱ्या, यमुनाबाई खर्डेकर. कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ऐन तरुणपणी वैधव्य आलेलं, मग सगळं आयुष्य शाळेत. त्यांचं म्हणणं, पूल पेशवाईतला आणि तोही कुणा सरदाराच्या विधवेने बांधवून घेतलेला.

दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य गावभर प्रसिद्ध होतं. बाजारात समोरासमोर आले तर दोघं एकमेकांना बघितलं न बघितलंसं करून दोन बाजूंनी निघून जात. देवळात एक आत असला तर दुसरा बाहेर थांबे. भांडत फक्त गुरुवारी आणि फक्त पुलावर.

पुलाला दगडी कठडा होता, चांगला ऐसपैस. त्याच्या एका टोकाला डॉक्टर बसत, दुसऱ्या टोकाला बाई. मध्ये मी आणि माझ्या शेजारी हॉटेलातून आणलेली चहाची किटली. पहिल्या गुरुवारी मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, “हॉटेलवाला साखर विसरला वाटतं.”

“आम्हाला असाच लागतो,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना मधुमेह होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाईंना काय होतं, ते मी विचारलं नाही. मुख्याध्यापिकेला असं विचारत नाहीत.

त्याच दिवशी मी आणखी एक चौकशी केली. “मी चहा ठेवून गेलो तर चालेल का? वृत्तांत लिहायचा तो उद्या विचारून लिहीन.”

दोघं एकदम म्हणाले, “नाही.”

मग डॉक्टरांनी खुलासा केला. “गणपूर्तीचा प्रश्न आहे, वैराळे. सभेला तीन माणसं लागतात. तुम्ही उठलात की सभा मोडली.”

मला कोणी उठू नका म्हणून सांगितल्याला खूप दिवस झाले होते. मी बसलो आणि पुढे दर गुरुवारी बसत राहिलो.

बापूसाहेबांच्या भाषणानंतरच्या गुरुवारी मी गेलो तेव्हा मधल्या कमानीवरच्या जनावराचा विषय निघाला होता. कमानीच्या माथ्याच्या दगडावर एक जनावर कोरलेलं होतं, कठड्यावरून वाकलं की दिसे, पण ऊनपावसाने झिजून त्याचा गोळा झाला होता.

“सिंह आहे तो,” डॉक्टर म्हणाले. “मी आयुष्यभर जनावरं तपासली आहेत, बाई.”

“त्यांत सिंह किती होते?”

“एकही नव्हता. म्हणून तर सांगतो. बैल नाही, म्हैस नाही, घोडा नाही. मग राहिलं काय?”

“हत्ती राहिला. डाव्या बाजूला ती सोंड दिसते आहे.”

“ती शेपूट आहे.”

“शेपूट तोंडाकडून निघते का, डॉक्टर? तुमच्या दवाखान्यात निघत असेल.”

डॉक्टर हसू लपवायला नदीकडे बघू लागले. मला ती म्हैस वाटत होती, पण चिटणीसाला मत नसतं.

“आणि मला हा कठडा समजावून सांगा,” बाई पुढे म्हणाल्या. “तुमचा आदिलशाही सुभेदार पूल बांधणार तो फौज न्यायला. तो कठडा इतका रुंद कशाला करेल? माणसांना टेकून दोन घटका बसता यावं, हा विचार बाईमाणसाचा आहे.”

“फौज दमत नाही की काय?”

अशी थोडी झटापट झाल्यावर मी साहेबांचा निरोप सांगितला. तज्ज्ञ येणार, साल ठरणार, उपसमिती बरखास्त होणार. ‘बरखास्त’ हा शब्द मी शक्य तितका हळू उच्चारला, कारण त्यात माझे सगळे गुरुवार होते.

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. खालच्या कोरड्या पात्रातून परतणाऱ्या गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या.

“तज्ज्ञ म्हणजे कशातला?” डॉक्टरांनी विचारलं.

“जुन्या बांधकामांतला.”

“वय काय त्याचं?” बाई म्हणाल्या.

“तिशीतला आहे म्हणे.”

“मग त्याला जुन्यातलं काय कळणार?”

“बरोबर आहे बाईंचं,” डॉक्टर म्हणाले.

ते बोलून गेल्यावर दोघंही दचकले. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. वृत्तांतात नोंद करू का, असं मी विचारलं. दोघंही नको म्हणाले, त्यामुळे एकमतही दुसऱ्यांदा झालं. मग डॉक्टर छडीने वाट चाचपत निघाले. त्यांच्या डोळ्यांत अलीकडे मोतीबिंदू वाढला होता आणि सिंह की हत्ती हा वाद ते आता बरेचसे आठवणीवर चालवत.

तज्ज्ञ सोमवारी सकाळच्या बसने उतरले. प्राध्यापक हुद्दार. अंगाने किडकिडीत, खांद्याला शबनम पिशवी. उन्हाळा असल्यामुळे उंबरी नदीला पाणी नव्हतं. मी त्यांना पात्रात उतरवून पुलाखाली नेलं. त्यांनी कमानीच्या पोटावरून हात फिरवला, एका खांबाला प्रदक्षिणा घातली आणि पिशवीतून टरबुजाची फोड काढून खायला घेतली. म्हणजे काम संपलं होतं.

“शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत हो याला,” ते म्हणाले.

“शंभर?”

“दुष्काळी काम आहे. लोकांच्या हाताला काम द्यायचं म्हणून बांधलेला. हे बघा, दगडांवर अर्ध्या नळीसारख्या पन्हळी दिसतायत ना? सुरुंगाची भोकं आहेत ती. पहारीने भोक पाडायचं, दारू भरायची, दगड फोडायचा. अशा खुणा खाली सगळीकडे आहेत.”

“म्हणजे आदिलशाही नाही?”

“नाही.”

“आणि पेशवाई? थोडीफार?”

“थोडीफार कशी असेल?”

“मधल्या कमानीवरचं ते जनावर?”

“तो दगड तेवढा जुना आहे. कुठल्यातरी पडक्या देवळातला उचलून शोभेला बसवलाय.”

“पण जनावर कोणतं?”

हुद्दारांनी टरबूज बाजूला ठेवलं, डोळ्यांवर हात धरला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. “ते नाही सांगता यायचं,” ते शेवटी म्हणाले.

मला फार बरं वाटलं.

दुपारी त्यांनी विश्रामगृहात बसून पानभर अहवाल लिहिला, माझ्या हातात दिला आणि परतीची बस पकडली. मी तो घेऊन बापूसाहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“दुष्काळ? अहो, मंत्र्यांच्या हस्ते पाटी लावायची आणि पाटीवर दुष्काळ? आणि शंभर वर्षंही नाहीत? आमच्या आजोबांची विहीर याच्याहून जुनी आहे. काय बोलावलं मी याला?”

“साहेब, अहवालात एक त्रुटी आहे.”

“कुठे?”

“जनावराची ओळख पटलेली नाही.”

बापूसाहेबांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं असावं. “मग?”

“हा अहवाल अभ्यासासाठी उपसमितीकडे सोपवता येईल. अभ्यास पुरा होईपर्यंत साल जाहीर करणं योग्य होणार नाही.”

“किती दिवस लागतील अभ्यासाला?”

“उपसमितीचा आजवरचा वेग बघता, साहेब, पुढच्या निवडणुकीच्या आत काही होत नाही.”

बापूसाहेब प्रसन्न झाले. त्यांनी अहवालावर शेरा मारला, सही ठोकली. “तुम्ही पुढे जाल, वैराळे.”

मला पुढे जायचं नव्हतं. मला गुरुवारी पुलावर जायचं होतं.

त्या गुरुवारी मी कचेरीतून लवकर सुटलो. किटली भरून घेतली, तीन कप विसळून घेतले, अहवाल खिशात घातला. आजवर माझ्या हातून कोणाचं काही वाचवलं गेलं नव्हतं. वाटेत हॉटेलवाल्याला, शिंप्याला, ओळख नसलेल्या एका सायकलवाल्याला मी आपणहून नमस्कार केला. एकच पंचाईत होती. अहवालातलं खरं काय ते त्या दोघांना कळू द्यायचं नव्हतं. इतकी वर्षं जीव तोडून भांडलेली माणसं, आणि दोघंही चूक. दोघंही हरले, हे सांगणार कसं? मी ठरवलं की फक्त जनावरापुरता भाग वाचून दाखवायचा.

बाई आपल्या टोकाला बसल्या होत्या. डॉक्टरांचं टोक रिकामं होतं. एखादी गाय अडली असेल म्हणून मी माझ्या जागी बसलो.

“बाई, आनंदाची बातमी आहे. उपसमिती बरखास्त होत नाही. तज्ज्ञांचा अहवाल आपल्याकडे अभ्यासाला आलाय. मुदत घातलेली नाही.”

“तुम्ही केलंत हे?”

“साहेबांनी केलं. मी समोर उभा होतो.”

बाई किंचित हसल्या. “काय म्हणतो अहवाल?”

“जनावराविषयी बराच ऊहापोह आहे.”

“आणि सुरुंगाच्या खुणांविषयी?”

मी कपात चहा ओतत होतो. तो बशीत गेला.

“पहिल्याच उन्हाळ्यात नदी आटली तेव्हा आम्ही पाहणीला खाली उतरलो होतो,” बाई म्हणाल्या. “भुसारी वकील वर झाडाखाली बसून राहिले, पांडवांना पुरावा लागत नाही म्हणून. कमानीखाली मला त्या पन्हळी दिसल्या. माझ्या सासऱ्यांची दगडाची खाण होती, वैराळे. सुरुंगाची खूण मला झोपेत ओळखू येईल. मी वळून सांगणार, तर डॉक्टर त्याच दगडावर बोट ठेवून उभे. त्यांनाही कळलं होतं.”

“मग?”

“मग त्यांनी बोट काढून घेतलं. म्हणाले, ऊन फार आहे. मी म्हटलं, हो. वर आलो. तोवर आमची दोघांची तशी काही ठाम मतं नव्हती. पुढच्या गुरुवारी त्यांनी आदिलशाही काढली.”

“आणि तुम्ही पेशवाई.”

“कोणीतरी काढायलाच हवी होती.” त्यांनी कठड्यावरची धूळ पदराने झटकली. “या गावात दोन माणसं भांडत बसली तर कोणी काही म्हणत नाही.”

मी डॉक्टरांच्या टोकाकडे पाहिलं. “येतीलच आता ते. ही बातमी त्यांना तुम्हीच सांगा.”

“डॉक्टर काल गेले.”

बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि घाईने पुरं केलं. “बडोद्याला. पुतण्याकडे. मोटार घेऊन आला होता तो. डोळ्यांनी दिसेनासं झालं, एकट्याने किती दिवस काढणार? घर आवरलं, सामान बांधलं, गेले. परत काही यायचे नाहीत.”

“तुम्हाला भेटून गेले ना?”

“काल बुधवार होता,” बाई म्हणाल्या.

पलीकडे नव्या पुलावर कोणीतरी पताका बांधत होतं.

“माझ्या खिडकीतून पूल दिसतो,” त्या म्हणाल्या. “मोटार इथे मधोमध थांबली होती जरा वेळ. पुतण्या उतरून वाकून बघत होता. त्याला डॉक्टरांनी सांगितलं असेल, सिंह बघ म्हणून.”

किटलीतला चहा निवत चालला होता. मी तिसरा कप पालथा घातला. “मग आज सभा होणार नाही, बाई. गणपूर्ती नाही.”

“ती कधी होती?”

“म्हणजे?”

“चिटणीस गणपूर्तीत धरत नाहीत, वैराळे. मी शाळा चालवलीय. नियम मला पाठ आहेत, डॉक्टरांनाही होते. भुसारी वकील गेल्यापासून या उपसमितीची एकही सभा कायदेशीर झालेली नाही.”

“मग मी इतके दिवस काय करत होतो?”

“मध्ये बसत होता,” बाई म्हणाल्या. “त्याची फार मदत झाली.”

ऊन उतरून कठडा गार व्हायला लागला. बाई उठतील असं मला वाटलं. त्या उठल्या तर मला गिरणीवरच्या खोलीत जावं लागणार होतं. त्यांना कुठे जावं लागणार होतं, तेही मला आता थोडंफार कळायला लागलं होतं. त्या उठल्या नाहीत. मीही उठलो नाही.

“अहवाल अभ्यासाला आलाय,” शेवटी मी म्हटलं. “तेव्हा अभ्यास करायला हवा.”

“आदिलशाही कोण मांडणार?”

“मी मांडून बघतो.”

मी उठून डॉक्टरांच्या टोकाला जाऊन बसलो. ते फार लांब होतं. मधून ते कधी इतकं लांब वाटलं नव्हतं. मी घसा साफ केला. “सभासदहो, आदिलशाहीत पूल बांधण्याची पद्धत—”

“तसं नाही,” बाई म्हणाल्या. “डॉक्टर पद्धतीपासून सुरुवात करत नसत. आधी कमान. कमानीची टोकं निमुळती आहेत, बघा म्हणायचं. मग मी म्हणायचे, कुठे निमुळती, गोलच आहेत. मग छडी उचलायची आणि हवेत कमान काढून दाखवायची. आणि मोठ्याने बोला जरा. गोठ्यात उभं राहून बोलल्यासारखं.”

“कमानीची टोकं निमुळती आहेत, बाई,” मी मोठ्याने म्हटलं.

“कुठे निमुळती? गोलच आहेत.”

छडी नव्हती म्हणून मी बोटाने हवेत कमान काढली. मग त्यांनी मला सुभेदाराचं नाव सांगितलं, त्याची फौज किती होती ते सांगितलं, चुन्याचा मुद्दा कधी काढायचा आणि तो काढताना नदीकडे कसं बघायचं ते सांगितलं. डॉक्टरांचे सगळे मुद्दे त्यांना क्रमाने पाठ होते. जिथे मी अडखळलो तिथे त्यांनी मला पुढचं वाक्य दिलं आणि मग त्याच वाक्यावर माझी पुरती भंबेरी उडवली. सिंहापर्यंत येईतो अंधारून आलं. सिंह त्यांनी मला जिंकू दिला नाही, पण शेपटीच्या मुद्द्यापाशी त्या थांबल्या आणि कठड्यावरून वाकून खाली कमानीकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी कप उचलून गार झालेला चहा एका दमात संपवला, छत्री घेतली, चपला चाचपल्या.

“एक विनंती होती, वैराळे.”

मी सरसावून उभा राहिलो. त्यांना बडोद्याचा पत्ता हवा असेल. किंवा मी बडोद्याला जाऊन यावं असं त्या म्हणतील. किंवा त्या कोऱ्या दगडावर काही कोरून हवं असेल. काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं.

“सांगा ना, बाई.”

“पुढच्या गुरुवारपासून,” बाई म्हणाल्या, “चहात साखर घालून आणाल का?”